माझा कान आणि बांधावरचा वटवट्या

मी, आदर्श ग्यानोबा बिरादार, वय २६, तालुका शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर, सध्या जैसलमेरकडं विजेच्या टॉवरवर कामाला, लिहून ठेवतो की मी पिलेलो नाही, डोकं ठिकाणावर आहे, आणि येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, गावी चाललो आहे. तिथं माझा मुडदा पडू शकतो, म्हणून हा कागद.

१. चुलतभाऊ बजरंगनं आमच्या सामाईक बांधाचं गवत पेटवलं. आत वटवट्या पाखराची पिल्लं होती, शिवलेल्या पानात. मी आडवा गेलो, त्यानं कोयता घातला. डावा कान ज्वारीच्या धसकटात पडला. मीही त्याचे दात पाडले. ते बरंच केलं.

२. पंचांनी मिटवलं. मी पोलीस केस मागं घ्यायची, आणि राखी वटवट्या बांधावर हाय तवर कुणी काडी लावायची न्हाई. म्हणजे तो बांध मी कान देऊन राखला आहे.

३. आता बजरंग फोनवर म्हणतो, "तुझं राखी पाखरू गेलं. ही दुसरीच जात हाय, तपकिरी, लांब शेपटीची. येळवशीला तुझ्या म्होरं पेटवतो. येतो का दुसरा कान घेऊन?"

येतो की. टॉवरचा मोठा पाना घेऊन येतो.

४. पण पंचांनी हे वाचावं. जात दुसरी नाही. थंडीत तोच वटवट्या रंग बदलतो. पाठ तपकिरी होते, शेपूट वाढते, डोळ्यावर बारीक पांढरी भुवई येते. बजरंग तिथं फसला. रंगावर जाऊ नका, डोळा बघा, तांबूसच राहतो. आणि उडताना चटचट वाजतो, वायरीवर ठिणगी उडावी तसा. बजरंगच्या बायकोला, उज्वला वहिनीला, मी कान द्यायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "भावजी, चटचट वाजतंय अजून. त्येच हाय. पर तुमी येऊ नका, ह्यांनी कोयता घासून ठेवलाय."

५. घर, वरचं रान, मोटारसायकल माझ्या आईला, यशोदाबाईला. टॉवरवर चढताना कमरेला बांधायचा पट्टा माझ्या जोडीला काम करणाऱ्या मडिवाळप्पाला, त्याचा फाटलाय. बजरंगनं माझ्या तिरडीला हात लावला तर तिरडी खाली ठेवा, आधी त्याला तुडवा, मग मला न्या.

६. बांधालगतचं माझ्या नावचं रान, बांधाच्या अर्ध्या हिश्श्यासकट, उज्वला वहिनीला. त्या दिवशी माझा कान पदरात बांधून दवाखान्यात तीच आली होती. बजरंग, आता लाव काडी. बायकोच्या रानाला लाव. कोयता तुमच्याच घरात असतो, आणि घासता तिलाही येतो.

कुणी जबरदस्ती केली नाही. दोघा साक्षीदारांना वाचून दाखवलं, त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या.

सही: आदर्श ग्यानोबा बिरादार

साक्षीदार:
सत्यम भागवत केंद्रे, इस्लापूर, जि. नांदेड
गुरुबसप्पा स्वामी, निलंगा, जि. लातूर

टॉवर लाईनचा कॅम्प, जैसलमेर
५ डिसेंबर २०२५