पाण्याजवळ बोलू नाही

बाबा, तुम्हाला सून आली, हे आधी सांगतो. तुम्ही गेले तेव्हा मी सातवीत होतो, शाळा तिथंच सुटली. माझ्या मिशाही तुम्ही पाहिल्या नाहीत, तर बायको कुठून पाहणार? लाखांदूरच्या पलीकडची आहे, आपल्यासारखीच धानवाल्यांच्या घरची. लग्नाला दीड वर्ष होऊन राहिलं. ती गावात आईजवळ, आणि मी इथं हिमाचलात, नदीकाठच्या एका हॉटेलात स्वयंपाकाला. आधी तुमसरची राईस मिल, मग चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या ट्रकवर क्लीनर, मग नागपूर, मग रायपूर. "याच्या बुडाखाली इस्तो हाय, एका जागी बसनच नाही," असं तुम्ही म्हणायचे. तो विस्तव अजून विझला नाही.

निंदण आटोपलं, धान पोटरीला आलं, तेव्हा ती पहिल्यांदा इकडे आली. निघायच्या आधी फोनवर म्हणाली, "पाहीन मी तुमचा पहाड. राहासारखा वाटला तं राहीन, नाही तं कापनीले वापस." आईनंही तिला मोकळं सोडलं होतं. "मायी फिकीर नोको करू, माये हातपाय चालतेत अजून." म्हणजे कोणाचीच आडकाठी नव्हती. मी एकदा 'राय', म्हणजे इथंच राहा, म्हणायचं, तेवढंच बाकी होतं.

इथं दिल्ली-चंदीगडकडची नवराबायको गाडी घेऊन येतात, नदीकाठी तंबू ठोकतात, ट्राउट नावाची मासोळी गळानं धरतात आणि मी ती तळून देतो. इतकी तळली, पण धरली एकही नव्हती. वाटलं, आपणही एकदा गिऱ्हाईक होऊन पाहावं. मालकानं जुनी जीप दिली, एक तंबू दिला. कोण्या पाहुण्याचा विसरलेला गळ होता. मासे धरायचं सरकारी लायसन काढलं आणि निघालो. डोक्याला शाल गुंडाळून, नाकाला निंबू लावून ती बाजूला बसलेली. वळणामागून वळण आलं तशी म्हणाली, "हा रस्ता कोन्या दारुड्यानं आखला का हो?" मी इतका हसलो की जीप थांबवावी लागली. बाबा, तशा हसण्याची मला सवय राहिली नाही.

दुपारी वर एका सपाट जागी तंबू ठोकला. गळाला कणकेची गोळी लावली, पाण्यात सोडली आणि दगडावर बसलो, जसे तुम्ही बोडीच्या पाळीवर बसायचे. डोळ्यापुढं ते तळं आलं: बोडी काठोकाठ भरलेली आहे. तुमच्या टोपलीत दोन मासोळ्या तडफडून राहिल्या आहेत. मी काहीतरी विचारतो आणि तुम्ही बोटाच्या पेरानं माझ्या डोक्यावर टकटक करता. "चूप. पाण्याजवळ बोलू नाही. मासोरी आयकते." मग मी तुमच्या मांडीला टेकून बसतो, आणि तुम्ही 'घरी चल' म्हणेपर्यंत चूप. तुमचा आवाज मला नीट आठवत नाही. हे एवढं वाक्य आठवते.

ती म्हणाली, "अवो, आयकता का?" मी ओठावर बोट ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "एक विचारू का तुमाले?" मी पुन्हा बोट ठेवलं. मग ती काडीनं वाळूत रेघा ओढत राहिली. पाणी दोर ओढून काठाला लावायचं, मी परत फेकायचो. ऊन पहाडामागं गेलं तरी एक मासोळी नाही. तेवढ्यात मेंढ्या घेऊन एक म्हातारा वरून उतरला. थोडा वेळ पाहिलं त्यानं, मग खो खो हसला. "अरे भाई, तालाब समझा है क्या? ये बहते पानी की मछली है, डोरी चलाते रहो. और बातें करो आराम से, इतने शोर में उसको क्या सुनाई देगा!"

तीही हसली, डोळे पुसत हसली. मग एकदम थांबली. पुढं दोर हलवत राहिलो तर एक लागली, दीड वीत लांब. तिनं सवयीनं चुलीतली राख घेऊन मासोळी दगडावर घासली. आपल्या मासोळ्यांसारखे या मासोळीला मोठे खवले नसतात, पण मी तिला घासू दिलं. जेवताना ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "मीठ बरोबर झालं."

सकाळी मी उठायच्या आधीच तिनं तंबूची एक बाजू सोडली होती. "कापनीले बाया भेटत नाही. मले गेलंच पाह्यजे," म्हणाली. मी "हो" म्हणालो. बस सुटायच्या वेळी खिडकीतून विचारलं तिनं, "एवढं चूप राहाले कोनं शिकवलं तुमाले?"

"बाबांनं."

"थे असते तं मी त्याइलेच विचारलं असतं," ती म्हणाली. "तुमच्या पोराच्या मनात हाय तरी काय मनून."

आता धान घरात आलं. ती रोज फोन करते. किती पोते झाले, आईचा गुडघा कसा आहे, सगळं सांगते. नदीकाठी विचारायचं राहिलं, ते मात्र परत काढत नाही. खरं म्हणजे हा कागद तिलाच लिहायला घेतला होता. पण वर 'बाबा' लिहिलं गेलं. मग तेच चालू ठेवलं, कारण तुम्ही उलट विचारणार नाही.

तुमच्या नियमावर ढकलून मी मोकळा होऊ शकतो, बाबा. पण ती पहिल्यांदा बोलली तेव्हाच मला ठाऊक होतं की त्या पाण्याच्या आवाजात कोणतीच मासोळी ऐकत नाही. ती नाही म्हणेल, याचं भेव नव्हतं. मी 'राय' म्हटलं असतं तर ती हो म्हणाली असती. मग मला एका जागी राहावं लागलं असतं, आणि ते कसं राहतात हे मला येत नाही.

थंडी पडली. हॉटेल रिकामं आहे. मागच्या आठवड्यात मी मालकाकडे मागची मोठी खोली मागितली. "क्यों चाहिए?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, सामान ठेवायला. माझं सामान म्हणजे एक पिशवी आहे, बाबा.