रविवारी आठच्या आत

सौंदड,
शुक्रवार, सकाळ

प्रिय भाग्यश्री,

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू मला तिसरीच्या पालकांच्या ग्रुपमधून काढून टाकलंस. तुझ्या नावासकट तसं मोबाईलवर लिहून आलं. नंतर मी तीनदा फोन केला. दोनदा तू उचलला नाहीस, तिसऱ्यांदा 'आई, मीटिंग सुरू आहे' म्हणून ठेवलास. संध्याकाळी सातला कसली मीटिंग असते गं प्राथमिक शाळेत? असो. कागद घेतला आहे. अडतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला बोलायच्या वाटा बंद करून गप्प बसवता येईल असं तुला वाटलं, याचंच मला हसू येतं. पत्र निम्म्यात ठेवून देता येत नाही. आणि तू ते पूर्ण वाचशील, कारण तू माझी मुलगी आहेस आणि तुला उत्सुकता आवरत नाही.

मी ग्रुपवर जे लिहिलं त्यातला एक शब्दही परत घेणार नाही, हे आधी सांगून टाकते. तिसरीतल्या अकरा पोरांना तू वर्गातून उठवून मागच्या टिनाच्या हॉलमध्ये बसवलंस. तिथे पहिली ते चौथी एकत्र, चार वर्गांना मिळून एक बाई, कॉम्प्युटर नाही, इंग्रजी वाचनाचा तास नाही. बाहेर मात्र 'फाउंडेशन सेक्शन' अशी पाटी. नाव इंग्रजीत ठेवलं की टिन तापत नाही, असा तुमच्या संस्थेचा समज दिसतो. मी विचारलं, कोणाला विचारून केलंत? तर तू सगळ्यांसमोर उत्तर दिलंस की पालकांची संमती घेतलेली आहे, त्यांनी ग्रुपवरचा अपडेट वाचून अंगठा दाबलेला आहे. वाचून! अक्षरओळख नसलेल्या मंगलीनं वाचून! मी त्यावर लिहिलं की मुख्याध्यापिकेला खोटं बोलायचंच असेल तर निदान पचेल असं बोलावं. त्यावर तू मला काढलंस. बरं केलंस. माझ्या आईला मी असं काढलं असतं तर तिने चुलीतलं लाकूड घेऊन सौंदडपासून कोहमाऱ्यापर्यंत माझा पाठलाग केला असता. मी फक्त पत्र लिहिते आहे.

या अपडेटची गोष्ट तुझ्या शाळेत कोणाला आठवत नसेल, म्हणून मी पहिल्यापासून सांगते. दर शनिवारी दुपारी तुमच्याकडून तो निघतो. आठवडाभरात वर्गात काय शिकवलं, पुढच्या आठवड्याचा गृहपाठ काय, सोमवारी काय आणायचं, सगळं इंग्रजीत, चाळीसेक ओळी. मला ग्रुपमध्ये तूच घेतलंस, इंग्रजी तपासायला. पहिल्याच अपडेटमध्ये मी सहा चुका काढल्या आणि त्या सगळ्यांसमोर लिहिल्या, तेव्हा तू म्हणालीस, 'आई, मला एकटीला कळवत जा ना.' तेही ऐकलं. मग जुलैच्या सुरुवातीला तुम्ही नियम काढला की रविवारी रात्री आठच्या आत ज्या पालकाचा अंगठा येणार नाही, त्याच्या मुलाचं नाव सोमवारी 'गृहपाठ नाही' या यादीत जाईल. मंगलीच्या मुलाचा, झामसिंगचा ट्रॅक्टर त्या रविवारी जंगलाकडच्या धानाच्या बांध्यांत चिखलणी करत होता. तिथे रेंज नसते. घरात फोन एकच, तो त्याच्या खिशात. त्याच्या खुशबूनं गृहपाठ पूर्ण केलेला, वही दप्तरात, आणि सोमवारी पोरगी फळ्यापाशी उभी. वही उघडून बघायला तुमच्या नीतू मॅडमला वेळ नव्हता, कारण यादी तयार होती.

त्या संध्याकाळी मंगली नातीला घेऊन माझ्या ओसरीवर आली. तुला मंगली माहीत आहे. तेंदूपानाच्या दिवसांत पहाटे तीनला जंगलात जाते आणि बाकी वर्षभर लोकांच्या बांध्यांत राबते. ती म्हणाली, 'बाई, काऊन उभं केलं माह्या पोरीले? रातभर लिवून राहिली होती. का लिवलं हाये या फोनात, थे सांगा मले.' मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'इतकंच? मंग सरळ सांगत काऊन नाई? मले तोंड हाये, मॅडमले तोंड हाये.' पुढच्या रविवारी ती आणखी चौघींना घेऊन आली. पंधरा दिवसांत ओसरी भरायला लागली. संध्याकाळी सहाला मी चष्मा लावून बसायची आणि ओळ न ओळ त्यांच्या बोलीत सांगायची. त्यांतली चंदा शेवटी बसून दर वेळी म्हणायची, 'बाई, मोठ्यानं वाचा ना, का पोस्टात बसून राहिल्या का?' गणिताला काय, परिसर अभ्यासाला काय, सोमवारी कोणते कपडे. झालं की मी अंगठा दाबायची, मग त्या दाबायच्या. आठच्या आत सगळे मोकळे. जुलैच्या शेवटी तुमच्या त्या यादीत आमच्या गावचं एकही नाव नव्हतं. त्याबद्दल शाळेकडून आभाराचा एक शब्द आला नाही. आला असता तर त्यातही चूक निघाली असती, ते सोड.

तुला वाटत असेल, आईला रिटायर झाल्यावर उद्योग नाही. उद्योग नाहीच. पण हे मी पोस्टात शिकले नाही, त्याच्याही आधी शिकले. तुझे आजोबा इथल्या स्टेशनवर रूळ बदलणारे पॉइंट्समन होते आणि मी गोंदियाला कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवर. दर शनिवारी पॅसेंजरनं घरी येताना सिस्टर आमच्या हाती एक पाकीट द्यायच्या, आईवडिलांसाठी. आत इंग्रजीत लिहिलेलं असायचं की मुलीनं या आठवड्यात काय केलं. बाबा ते मला वाचू द्यायचे नाहीत. म्हणायचे, जिचा निकाल तिनंच वाचायचा काय? धुतलेला सदरा घालून, हातपाय धुऊन ते स्टेशनमास्तरकडे जायचे. स्टेशनमास्तर तिथल्या दहा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि हसायचा, की तुझी पोरगी फार बोलते असं लिहिलंय रे. बाबा त्याच्याबरोबर हसायचे. घरी येऊन सदरा काढून ठेवेपर्यंत त्यांच्या तोंडावर ते हसू तसंच राहिलेलं असायचं. मी आठ वर्षांची होते. ते हसू मला अजून बघवत नाही.

सिस्टर ॲग्नेसला हे कोणीतरी सांगितलं. ती केरळची. हिंदी इतकं मोडकं की आम्ही पोरी तिच्या नकला करायचो. तिने पाकीट देणं बंद केलं आणि बाबांना महिन्यातून एका शनिवारी बोलावलं. समोर खुर्ची दिली आणि म्हणाली, 'आपका लड़की गणित अच्छा, मुँह बहुत चलता, हम दोनों मिलके ठीक करेगा.' बाबा घरी आले ते शिटी वाजवत. आपल्या पोरीबद्दल कोणी आपल्याशी थेट बोललं, एवढंच झालं होतं. ती बाई केरळातून येऊन एका पॉइंट्समनसाठी हिंदी शिकली. तू या मातीत जन्मलीस, लहानपणी मंगलीच्या धाकट्या बहिणीबरोबर खेळताना तिच्याहून फर्डी झाडीबोली बोलायचीस, आणि आता तुला मंगलीला एक वाक्य सांगायला चाळीस ओळींचं इंग्रजी लागतं. आणि तेही चुकीचं.

तुमच्या संस्थेच्या सचिवांना, भूपेंद्रभाऊंना, मी मंगळवारी भेटले, हे तुला कळलंच असेल. त्यांनी चहा मागवला, पाय हलवत बसले आणि म्हणाले, 'देखिए माँजी, जिन बच्चों के घर में कोई पढ़ाने वाला नहीं, वो पूरी क्लास को पीछे खींचते हैं. रिज़ल्ट दिखाना पड़ता है न.' मी म्हटलं, खुशबूला पहिल्या चाचणीत वर्गात चौथा नंबर आहे, ती कोणाला मागे खेचते ते दाखवा. ते म्हणाले, 'वो बात अलग है, सहमति तो आई है.' म्हणजे पोरगी हुशार आहे की नाही हा प्रश्नच नाही. तिच्या घरी इंग्रजी वाचणारं कोणी नाही म्हणून ती टिनात. मी चहा तसाच ठेवून उठले. तू त्यांच्यापुढे किती वेळा उठलीस, हे मला विचारायचं होतं. पण तुझी बाजूही मला माहीत आहे. नोकरी त्यांची, सही तुझी. मला तुझी कीव येते असं लिहिलं तर तू चिडशील, म्हणून लिहीत नाही.

आता कालचं सांगते. काल गुरुवारी मी अकराही घरं फिरले. रोवणीचे दिवस, घरी कोण सापडणार? बांध्यांवरूनच फिरले, चपला हातात घेऊन, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. डॉक्टरांना सांगू नकोस. मला एकच विचारायचं होतं, की त्या शनिवारच्या अपडेटमध्ये, गृहपाठाच्या खाली, नवव्या नंबरला तुम्ही जे घुसवलं होतं, 'ज्या पालकांना रोज अभ्यास घेणं जमत नाही ते मुलाला वेगळ्या सेक्शनमध्ये बसवायला संमती देत आहेत', त्यावर यांनी अंगठा दाबलाच कसा? मी त्या आठवड्यात नागपूरला होते, वाचायला कोणी नव्हतं, तर थांबायचं होतं ना! मी चिडूनच विचारत होते. मंगली खाली बघून रोपं लावत राहिली. झामसिंग ट्रॅक्टरवरून म्हणाला, 'जाऊ द्या ना बाई, झालं थे झालं.' शेवटी चंदा कंबर सरळ करून उभी राहिली. हात कोपरापर्यंत चिखलात. म्हणाली, 'आमाले काऊन रागावता, बाई? आमी सात वाजेपर्यंत बांधीतच होतो, तुमची वाट पाहून राहिलो होतो. तुमचा अंगठा दिसला, मंग आमी दाबला. बाईनं वाचलं म्हनजे बरोबर असन, म्हनलं.' मंगलीनं तिला गप्प केलं, 'चूप राय न वो, बाईच्या डोऱ्याचं आपरेशन होतं.' आणि मला म्हणाली, 'तुमी मनाले लावून घेऊ नका.'

भाग्यश्री, मी बांधावर खाली बसले. मग घरी आले आणि ग्रुप गेला तरी जुने निरोप मोबाईलमध्ये राहतात, ते उघडले. त्या अपडेटखाली आमच्या गावचा पहिला अंगठा माझा आहे, रविवार, संध्याकाळी सहा वाजून बावीस मिनिटं. त्याच्या मागे अकरा. मला सगळं आठवलं. माझ्या डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं धड दिसत नव्हतं. तू माझ्या उशाशी बसली होतीस. दोन रात्री झोपली नव्हतीस, माझी चादर नीट केलीस आणि म्हणालीस, 'आई, तेवढा अंगठा देऊन टाक गं, सौंदडचे पालक तुझी वाट बघत असतात.' मी म्हटलं, वाचून दाखव. तू म्हणालीस, 'गृहपाठच आहे, नेहमीचा.' आणि मोबाईल माझ्या हातात दिलास. तुला तेव्हा नववा नंबर आठवत होता की नव्हता, हे मी तुला विचारणार नाही. विचारलं तर तुला खरं सांगावं लागेल किंवा खोटं, आणि दोन्हीपैकी काहीही ऐकून मला झोप येणार नाही. पण माझं मला माहीत आहे. अडतीस वर्षांत मी कोणाचाही कागद न वाचता 'ठीक आहे' म्हटलं नाही, आणि एकदाच म्हटलं ते अकरा पोरांच्या अंगावर आलं.

म्हणून हे पत्र. ते आईनं मुलीला लिहिलं आहे, पण पाकिटावर 'मुख्याध्यापिका' असं लिहून आजच पोचपावतीसह स्पीड पोस्टनं टाकते आहे, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही. माझा त्या रविवारचा अंगठा मी यातून परत घेते. तो न वाचता दिला होता. सोबत अकरा घरांचे अकरा अर्ज आहेत, मराठीत, प्रत्येकी पाच ओळींचे. ते मी काल रात्री ओसरीवर सगळ्यांना बोलावून लिहिले, प्रत्येकाला दोनदा वाचून दाखवले, आणि चंदानं तिच्या अर्जातलं एक वाक्य बदलायला लावलं, तेही बदललं आहे. सोमवारी दहा वाजता रोवणीचा खाडा पाडून अकराही घरची माणसं शाळेत येणार आहेत. मला तुझ्या खोलीत चहाला बोलावू नकोस, मी त्यांच्याबरोबर व्हरांड्यात थांबेन. आत गेल्यावर आधी मी बोलेन. भूपेंद्रभाऊंसमोर, नीतू मॅडमसमोर, त्या अकरा जणांसमोर सांगेन की चूक माझी आहे, मी न वाचता अंगठा दिला आणि यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कोणी म्हणालं की म्हातारीचं काय ऐकायचं, तरी पूर्ण सांगून मगच बसेन. तुझं नाव मी घेणार नाही. त्यानंतर बोलायची पाळी तुझी. काय बोलायचं ते तू ठरव, पण मंगलीकडे बघून बोल, आणि तिला कळेल असं बोल.

डोळ्यात औषध वेळेवर घालते आहे. काळजी करू नकोस.

तुला सोमवारी भेटणारी,
तुझीच
आई