ब्लॉक कुठपर्यंत

३ फेब्रु., मंगळ.
दोनदा चक्कर आली. बायकोपुढे कुणाचं चालतं? सु.ने ओढतच दवाखान्यात नेलं. डॉ. म्हणाले, "हार्ट ब्लॉक है. आज ही भर्ती हो जाइए, पेसमेकर लगेगा."
बावीस वर्षं इकडे उत्तरेत रेल्वेत ब्लॉक घेतोय. रूळ दुरुस्त करायला गाड्या थांबवायच्या, काम उरकलं की लाइन परत द्यायची. सवयीने विचारलं, "कितने बजे तक का?" डॉ. हसले. सु. नाही हसली. मला काहीच वाटलं नाही. भूक तेवढी लागली होती.

४ फेब्रु.
सांगलीहून आईचा फोन. सु. म्हणाली, यांना ब्लॉक निघालाय, आणि फोन मला दिला. आईला कमी ऐकू येतं. आणि सांगलीत तिच्या वयाची माणसं अजून फ्लॅटला ब्लॉकच म्हणतात.
"घेतलास एकदाचा! खोल्या किती?"
म्हटलं, चार. हृदयाला तेवढ्याच असतात.
"एक मुक्तासाठी ठेव हो. लेक आली की तिला हक्काची जागा हवी."
बरं म्हटलं. फोन ठेवला. सूप प्यायलो. अळणी.

५ फेब्रु.
मुक्ताला फोन लावला. एकदा वाजून तुटला. दिवाळीपासून हेच. याच शहरात निशातगंजला राहते, आमच्या विकास नगरहून रिक्षाने कितीसं लांब. मी समजत होतो, लाइन बिझी.
सु. पांघरुणाची घडी घालत म्हणाली, "बिझी नाही हो. तिने तुमचा नंबर ब्लॉक केलाय."
दिवाळीत तिने स्वतःच लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, या घरात तुला जागा नाही. मराठीत म्हणालो. ती हिंदीत उत्तर देते, पण मराठी सगळं कळतं तिला.
आमचा ब्लॉक लेखी असतो. कधीपासून, कधीपर्यंत. हिचा कधीपर्यंत, कुणाला विचारायचं?
सलाइनची सुई दुखत नाही. हेही नाही. उद्या दुखेल बहुतेक.

६ फेब्रु.
नको म्हटलं तरी सु.ने तिला कळवलंच. मुक्ता म्हणे, "पापा ख़ुद बोलें।"
"अगं, कसे बोलतील? तूच ब्लॉक केलंयस ना?"
मग म्हणे, "हाँ... वो तो है।"
सु. हे सांगताना हसली, मग रडली. मी पाणी दिलं. उद्या ९ वा. ऑपरेशन.

७ फेब्रु., शनि.
८.४०. सु. तिचा फोन पुढे करत होती. माझ्याच फोनवरून लावला. एकदा वाजला. दोनदा. तुटला नाही. सात वेळा वाजून थांबला. मुक्ताने उचलला नाही. पण वाजला.
आता मात्र भीती वाटतेय. चांगलीच.
न्यायला आलेत. फोन सु.कडे देतोय. तिचा आला तर घे म्हटलं.
"काय सांगू?"
सांग, आजी विचारत होती. चार खोल्या आहेत, त्यातली एक