आक्कासाठी आठ किलो

१२ जून
पुण्याहून आलो. रक्तगट जुळला, बाकी तपासण्या ठीक. पण आक्काला लिव्हर देता येणार नाही. माझ्याच लिव्हरला चरबी आहे.
डॉक्टर म्हणाले, "असल्या लिव्हरचा भाग काढला तर बहिणीलाही चालणार नाही आणि तुम्हालाही पुरणार नाही. दोन महिन्यांत आठ किलो उतरवा. मग परत स्कॅन करून बघू."
औषध काही? विचारलं.
"औषध नाही. खाणं बदला."
दाजींना शुगर आहे म्हणून आधीच नको म्हटलंय. भाचीचा रक्तगट जुळत नाही. राहिलो मी. एसटीत दाजी शेजारीच होते.

१३ जून
वजन ८६. सविताने डाएटचा कागद फ्रिजवर चिकटवला. साखर, मैदा, तळलेलं, भात बंद. दीड भाकरी, उसळ, पालेभाजी, काकडी, बिनसायीचं ताक. रोज तासभर चालणे.
कंपनीतला मशीनचा चहा आधीच गोड येतो. आज कप हातात घेतला आणि तसाच ठेवला. डोकं दुखतंय.

२० जून
व. ८५. सात दिवसांत एक.
परवा कँटीनमध्ये शेख म्हणाला, "काय रे, या वयात हिरो व्हायचंय?" खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर माझ्यासाठी चार काकड्या सोलून आणल्या त्याने.
तिसऱ्या दिवशी पण.

२५ जून
पुण्याला द्यायच्या कागदांसाठी दाजींनी आक्काची जुनी फाईल पाठवली. त्यात नऊ वर्षांपूर्वीची सोनोग्राफी सापडली. ग्रेड वन फॅटी लिव्हर. खाली डॉक्टरांच्या हाताने: गोड-तेलकट कमी, वजन कमी, सहा महिन्यांनी दाखवणे.
त्या दिवशी मीच बरोबर होतो. डॉक्टर म्हणाले होते, आत्ता आवरलं तर पूर्ण बरं होतं. बाहेर येऊन मी आक्काला म्हणालो, हे तर हल्ली सगळ्यांनाच निघतं. मग आम्ही कोपरगावच्या स्टँडजवळ जिलेबी खाल्ली.
सहा महिन्यांनी कोणी दाखवलं नाही. नऊ वर्षांत नाही.

२ जुलै
व. ८४. सविता भाजीत तेल चमच्याने मोजून घालते. आज तिचा हात थांबला. म्हणाली, "तुमचं वजन उतरावं असं मला वाटतं का नाही, तेच कळत नाही."
मी म्हणालो, काहीतरीच.
"काहीतरीच काय. उतरलं की तुम्हाला टेबलावर घेतील. दोन पोरी आहेत आपल्याला."
तिने तेल मोजलं, भाजी टाकली. मीही जेवलो.

११ जुलै
रजा टाकून कोपरगावला. आक्काचे डोळे हळदीसारखे. हातपाय काड्या आणि पोट पाण्याने टम्म. तिचं जेवण बिनमिठाचं, पाणीसुद्धा मोजून. म्हणाली, "मीठ न्हाई तर जेवल्यासारखंच वाटत न्हाई."
गावात कोणीतरी दाजींना विचारलं, वहिनी घेतात का हो? माळकरी बाई. एक थेंब कधी नाही. दाजी सांगताना रडले.
निघताना आक्काने माझा हात धरला. "तू या भानगडीत पडू नगंस. तुला लेकी हायत."
भानगड कसली, साधी तपासणी आहे, असं म्हणालो. तिला खरं काय ते कळलेलं असणार. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून.

१९ जुलै
व. ८३. पाच दिवस काटा हललाच नाही.
सुटल्यावर नागापूरच्या फाट्यावर दोन वडापाव खाल्ले. उभ्या उभ्या, गाड्याच्या मागे जाऊन. दुसरा तर चवही न कळता गेला. घरी आल्यावर सविताने भाकरी वाढली, तीही खाल्ली, नाहीतर तिला समजलं असतं.
लाज वाटते, एवढंच लिहितो.

२८ जुलै
व. ८१. दाजींचा फोन. आक्काला पुण्याला हलवलं. सकाळी उठली तर तिला वार कळेना, लेकीचं नाव आठवेना. दाजी म्हणाले, "दोन दिस पोट साफ झालं न्हाई, ते इष डोक्यात गेलं म्हंत्यात." जुलाबाचं औषध चालू केलंय. उतरेल म्हणतात.
वाईट एवढंच वाटलं की मी आधी कॅलेंडर बघितलं. पंधरा दिवस, तीन किलो.
संध्याकाळपासून भाकरी एकच.

९ ऑगस्ट
व. ७८. पुणे. स्कॅन झाला. पँट कमरेला दोरीने बांधलेली. तपासणाऱ्या पोरीने गाठ बघितली.

११ ऑगस्ट
रिपोर्ट आला. चरबी उतरली. चालेल इतकी.
डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तुमचं काम केलं." पुढे काहीतरी आहे हे त्यांच्या आवाजावरून कळलं. आक्काच्या पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन. ताप आहे, लघवी कमी झाली. ते आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नाही.
येईल का आटोक्यात?
"बघू."
सविताने रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. तिच्या तोंडाकडे बघितलं नाही मी.

१२ ऑगस्ट
आत सोडलं. आक्काने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "किती वाळला रे. जेवला न्हाईस व्हय?"
जेवलो म्हणालो. तिला पटलं नाही. समोर ट्रेमध्ये शिरा होता, तिने खाल्लेला नव्हता. बोटांनी घास उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला. "खा. आई येईस्तोवर रडायचं न्हाई."
आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, ती चौदाची. आई येईल असं सांगून तिने मला महिनाभर जेवू घातलं होतं. मी विसरलो होतो. ती मनाने तिथेच जाऊन बसलीय.
घास खाल्ला. दुसराही. साखर खूप होती. सविता दारात उभी होती.

१४ ऑगस्ट
ताप उतरला नाही. अँटिबायोटिक बदललं. आज आक्काने मला ओळखलं नाही, दाजींनाही नाही.
मोठ्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. म्हणाले, अजून नाही म्हणत नाही मी. तुम्ही वजन वाढू देऊ नका.
सविताने भाड्याच्या खोलीवर मूग शिजवून आणले. मीठ घालायला विसरली. तसेच खाल्ले.
वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालत होतो. एक टोक ते दुसरं टोक, नव्वद पावलं. दाजी बाकावर बसलेले. चारदा त्यांच्यासमोरून गेलो. पाचव्यांदा ते सरकले, जागा केली. "बसा की भाऊ. आता कशापायी चालताय?"
अजून वीस मिनिटं राहिलीत, म्हणालो.