माशांची घिनोची

प्रिय संघदीप,

जयभीम. बादल ट्रक घेऊन हैदराबादकडे निघाला आहे, त्याच्या हाती लोणच्याची बरणी आणि हे पत्र देते आहे. बाबांची तब्येत बरी आहे, हे आधीच सांगून टाकते, नाही तर आईचं पत्र म्हटल्यावर तू मटकन खाली बसशील. फोनवर बोलता आलं असतं तर कशाला लिहायला बसले असते? पण फोन बाबांच्या उशाशी असतो, तुझा आवाज आला की ते तो मोठा करून ठेवतात, आणि आपलं घर केवढं ते तुला माहीतच आहे. सुरभीला हे वाचून दाखव. माझ्या नातीला, खुशीला मात्र नको, त्या पोरीच्या पोटात काही राहत नाही.

ती माशांची काचेची टाकी तू बादलच्या ट्रकमधून पाठवलीस, तेव्हा मला आनंदच झाला होता. लकवा मारल्यापासून बाबा भिंतीकडे बघत बसायचे, त्यापेक्षा माशांकडे बघतील असं खुशीचं म्हणणं. बरोबर होतं तिचं. पण तू फोनवर जे बोललास ते तुझ्या लक्षात आहे का? बाबा म्हणाले, टाकीखालचा स्टँड मी करतो. तू म्हणालास, “बाबा, तुमच्या हाताचं आता राहू द्या. पाणी भरलं की दोन-तीन माणसांचं वजन होते. खुशी सुट्टीत आली की तिथंच झोपते. कपिलकडून लोखंडी करून घ्या.” तू काळजीनं बोललास, आणि खोटंही काही नव्हतं त्यात. पण फोन ठेवल्यावर बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आरागिरणीतलं काम सुटल्यावर गावभर दारं-खिडक्या करत हिंडलेला माणूस. त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला, आणि पोराच्या तोंडून हे ऐकायचं. मला तुझा राग आला होता. अजून थोडा आहे.

दुसऱ्या दिवशी कपिल वेल्डिंगवाला टेप घेऊन माप घ्यायला आला, तर बाबांनी त्याला दारातूनच परतवून लावलं. “लोखंड कायले पाहिजे? मी काय मेलो का? हात एक गेला, अक्कल नाही गेली.” कपिल माझ्याकडे बघून हसला आणि गेला. मग यांनी जुन्या घराच्या सागवानी चौकटी माळ्यावरून काढायला लावल्या. कशा काढल्या आणि माझी कंबर कशी राहिली ते विचारू नकोस. अंगणात काम सुरू झालं. डाव्या हातात पटाशी, आणि फळी धरायला मी. फळी जरा हलली की ओरडा. रंधा एका हातानं चालत नाही, तर उजवा हात त्याच्या मुठीला फडक्यानं बांधून घ्यायचे आणि अंगानं ढकलायचे. मी “जरा बसा” म्हटलं की म्हणायचे, “बसूनच त राह्यलो इतके दिवस.” त्यांना पाहून मला रडू यायचं आणि हसूही यायचं. संध्याकाळी त्यांच्या केसांतला भुसा मी झाडून काढायचे. पूर्वी याच भुशावरून आमची रोज भांडणं व्हायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा या माणसानं माझ्यासाठी पहिली वस्तू केली ती पाण्याची घिनोची. तुला आठवत असेल, चार पायांवर फळी, वर पाण्यानं भरलेले तीन पितळी गुंड. तू तिला वटवाघळासारखा लोंबकळायचास आणि ती कधी हलली नाही. बाबांनी साऱ्या मोहल्ल्याला घिनोच्या करून दिल्या, एकीचीही तक्रार आली नाही. माशांचा स्टँडही त्यांनी तसाच केला. जाडजूड चार पाय, वर सपाट फळी, पॉलिश असं की तोंड दिसावं. शेजारच्या चंदाबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, “डोमाजीभाऊ बरे झाले म्हणायचे आता!” बाबांनी तोंड फिरवलं, पण मला दिसलं, ते हसत होते. पोरा, तो माणूस कितीतरी दिवसांनी हसत होता.

दोन दिवसांनी मी फरशी पुसत होते. स्टँड समोरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवला होता. उठताना माझी कंबर त्याला लागली आणि तो हलला. सरकला नाही, हलला. पाय जागेवर, आणि वरची फळी एका बाजूला गेली, मग परत आली. मी पुन्हा हातानं ढकलून पाहिलं. तसंच. मग ध्यानात आलं. आपल्या जुन्या घरात खाली माती होती. घिनोचीचे पाय हातभर जमिनीत गाडलेले असायचे, वर शेणानं सारवलेलं. तिला जमिनीनंच धरून ठेवलं होतं. या घरात तू हौसेनं गुळगुळीत फरशी घातलीस, तिच्यात काय गाडणार? जन्मभर जसं केलं तसंच यांनी केलं, आणि चांगलंच केलं, पण धरायला खाली काही नव्हतं.

आता सांग, मी काय करायला हवं होतं? सांगावं, तर तुझं फोनवरचं बोलणं खरं ठरतं, आणि पटाशी पुन्हा जी पेटीत जाईल ती कायमची. न सांगावं, तर बाबांनी खुशीची गादी कुठे टाकायची ते ठरवून ठेवलं होतं, टाकीच्या अगदी पायाशी, पोरीला पडल्यापडल्या मासे दिसावेत म्हणून. ती यायच्या आधी टाकी भरायची हेही त्यांचं पक्कं. डोळे मिटले की मला ती काच, ते पाणी आणि खाली आपली पोरगीच दिसायची. मी स्वयंपाकात मीठ विसरू लागले. बाबा म्हणाले, “काय झालं वं तुले?” मी म्हटलं, गुडघा दुखतो.

त्याच गुडघ्याचं निमित्त करून मी त्यांच्या तपासणीला यवतमाळला गेले नाही, चंदाबाईच्या घरच्यांबरोबर त्यांना बसमध्ये बसवून दिलं. आणि कपिलला बोलावलं. त्यानं स्टँडला एक बोट लावलं आणि मान हलवली. “काकू, याले तिरपा आधारच नाही. पाणी भरलं का एकीकडे बसून जाईन.” मी म्हटलं, मागच्या बाजूनं लोखंडी पट्ट्या तिरप्या लाव, समोरून दिसायला नकोत, आणि कुणाजवळ बोलशील तर माझ्याशी गाठ आहे. त्यानं मशीन काढलं आणि लाइन गेली. मग बिचारा हातानं स्क्रू पिळत बसला. सागवान जुनं, दगडासारखं. तेवढ्यात चंदाबाईचा निरोप आला की डॉक्टर लवकर भेटले आणि मंडळी परतीच्या बसमध्ये बसली. कपिल घाम पुसत शेवटचा स्क्रू बसवतो आहे, मी दारात उभी, भुसा पदरात भरते आहे. तो मागच्या दारानं निघाला आणि पुढे ऑटो थांबला. बाबांनी आत येऊन आधी स्टँडवरून हात फिरवला, मग पाणी मागितलं.

पुढच्या दिवशी त्यांनी मला बाजारात पिटाळलं, खुशीला आवडतात म्हणून मुरमुरे आणायला. परत आले तर घरभर पॉलिशचा वास. मी पिशवी दारातच टाकून आत धावले. पण स्टँड भिंतीला होता तसाच होता, आणि बाबा खाटेवर डावा हात चिंधीनं पुसत बसले होते. “समोरून एक हात अजून मारला,” एवढंच म्हणाले. पुढचे पाय ओले चमकत होते. मी सुटले असं मला वाटलं.

मग पाणी भरायचा दिवस. बादलीनं भरायचं, आणि भरायचं त्यांनीच. मी टाकीच्या कोपऱ्याला हात लावून उभी राहिले. टाकी पडली असती तर माझ्या हातानं काय होणार होतं, पण हात काढवेना. एक बादली, दुसरी बादली. लाकूड कुरकुरलं. बाबा थांबले, वाकून फळीला कान लावला. “बसून राह्यलं ते. जागा घेते लाकूड,” म्हणाले आणि पुन्हा ओतायला लागले. अर्धी भरल्यावर पाण्याची रेघ मला एका बाजूला तिरपी दिसायला लागली. खरं तर माझंच डोकं फिरत होतं. “कायले धरून राह्यली वं? पळते का ते?” मी म्हटलं, नाही, काच पुसते आहे. टाकी काठोकाठ भरली. आणि या माणसानं काय करावं? सरळ स्टँडजवळ गेले आणि कंबरेनं एक जोराचा धक्का दिला. मी डोळे घट्ट मिटले.

उघडले तेव्हा पाणी वर थोडं हेलकावत होतं, स्टँड जागचा हलला नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, “चहा ठेव.” मी चुलीपुढे जाऊन पदर डोळ्यांना लावला. आता टाकीत नारिंगी मासे आहेत, बाबा डाव्या हातानं त्यांना खाऊ टाकतात. उजव्या हातानं टाकायचा प्रयत्नही करतात. निम्मा फरशीवर सांडतो, पण टाकतात.

आता हे सारं आज का लिहिते आहे ते सांगते. परवा माशांच्या खाऊची डबी गडगडत स्टँडखाली गेली. मी आडवी होऊन बॅटरी मारली, आणि मला मागच्या पट्ट्या दिसल्या. कपिलनं लावल्या तेव्हा त्या काळ्या होत्या. आता त्या सागवानी रंगाच्या आहेत. नुसता रंग नाही, ब्रशनं लाकडाच्या रेषासुद्धा ओढलेल्या, जरा थरथरत्या. आणि खालच्या टोकाला एक स्क्रू जास्तीचा आहे. कपिलचे सगळे सरळ, हा तिरका पिळलेला. डाव्या हातानं पिळला की तसाच जातो. म्हणजे मी मुरमुरे आणत होते तेव्हाच त्यांना सारं कळलं होतं. तो धक्का त्यांनी मला दाखवायला दिला होता, मी घाबरून मरू नये म्हणून. ते मला बोलले नाहीत, मी त्यांना बोलले नाही, आणि बोलणारही नाही. पण तुला लहानपणापासून प्रत्येक वस्तू खालून वाकून बघायची खोड आहे. आलास की वाकशील. वाक, नीट बघून घे, आणि उठून एक शब्द बोलू नकोस. फक्त येताना तुझ्या हैदराबादच्या घरातल्या एखाद्या कोपऱ्याचं माप घेऊन ये, आणि खाटेशी बसून त्यांना म्हण, “बाबा, मलेही एक करून द्या.” फळी धरायला मी आहे.

तुझीच, बाबांच्या आणि तुझ्या मध्ये सापडलेली,
आई