तिसऱ्या वाटीतले अडीचशे

प्रिय मामा,

काल पुलाचं गणित बरोबर आलं. तेवढ्यासाठी लिहितोय. तू गेल्यापासून लिहावंसं पुष्कळदा वाटलं, पण काय तोंडानं लिहू? तुझ्या कामावर बालंट आलं होतं आणि मला ते निस्तरता येत नव्हतं. आज हेंद्रेपाड्याला तुझ्याच ओसरीवर बसलोय. मामी आत काकडी चोचवतेय. तिनं विचारलं, कुणाला लिहितोस? म्हटलं, मामाला. म्हणाली, "चष्मा इथेच राहिलाय ह्यांचा. जरा मोठ्या अक्षरात लिही."

झालं असं. तुझं ते वर्गमूळ काढणारं प्रकरण, मुंबईच्या गणकयंत्राला एकापाठोपाठ एक द्यायच्या हुकमांची तुझी छोटी माळ, ती ऑफिसात सगळेच वापरतात. ज्याला वर्गमूळ हवं तो आपलं गणित अर्धवट ठेवून तुझ्या दारात येतो आणि उत्तर घेऊन परत जातो. 'दार' हा तुझाच शब्द. गेल्या महिन्यात पुलाच्या तुळयांचं गणित सुरू झालं आणि त्याची एकूण बेरीज भलतीच येऊ लागली. तुझ्या दारातून जाऊन आलं की बिघडायची.

मोठे साहेब म्हणाले, "माणूस गेला, आता विचारणार कुणाला? त्यांचं सगळंच काढा, नव्यानं लिहा."

सगळं, मामा. कपाटातल्या तुझ्या सगळ्या माळांच्या, भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या. तुझी एवढी वर्षं.

पट्ट्यांवर भोकं पाडायचं काम माझं, म्हणून आधी वाटलं, मीच कुठे चुकलो. पट्टी तुझ्या कागदाशी ताडून पाहिली. बरोबर होती. पण हायसं वाटलं नाही. कारण मग उरलास तूच.

तुला उल्हासनगरची बराक आठवते? मी कॅम्पात सिंधी शेठच्या वर्कशॉपमध्ये कड्या-कोयंडे करत होतो. त्याआधी कुठे होतो ते आता मलाही सांगता यायचं नाही. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात असेन, नाहीतर नुसता देवळाच्या दगडांवर उन्हात पडून असेन. तर तू मला न्यायला आलास आणि नेमका त्याच दिवशी शेठ माझ्यावर पेटला होता. मी जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्वतःसाठी एक भोवरा काढला होता आणि लेथ तसाच सोडून उठलो होतो. पुढच्या माणसाच्या सगळ्या कड्या वाकड्या निघाल्या.

"साईं, ये आपका भांजा है? इसको ले जाओ. मशीन पे आता है, सब हिलाता है, बोलता कुछ नहीं."

तू रागवायचं सोडून हसत सुटलास. गाडीत मला म्हणालास, "अरे सद्या, आमच्याकडेही हीच भानगड असते." आणि मग बदलापूर येईपर्यंत तू समजावत राहिलास. यंत्राच्या हाताशी चार रजिस्टर असतात, आकडा घटकाभर ठेवायच्या चार जागा. चारच, आणि त्या सगळ्यांच्या सामाईक. म्हणून प्रत्येक माळेच्या दारावर लिहून ठेवायचं. येताना काय घेऊन यायचं आणि ते कुठे ठेवायचं. आत कुठल्या जागा आम्ही वापरणार, म्हणजे तिथलं तुमचं पुसलं जाणार. आणि कुठल्या जागेला हात लावणार नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो, तुला वाटलं ऐकत नाहीये. ऐकत होतो, रे.

तुझ्या वर्गमुळाच्या दारावर असं होतं: संख्या पहिल्यात आणावी. उत्तर पहिल्यात मिळेल. दुसरं आणि चौथं वापरतो. तिसऱ्याला हात लावत नाही.

पुलाचं गणित करणाऱ्यानं ते वाचलं, विश्वास ठेवला आणि आपली बेरीज तिसऱ्यात ठेवली. मग ती बिघडावी का?

यंत्र काही मला खेळायला मिळणार नव्हतं. म्हणून गेल्या रविवारी तुझा कागद घेऊन इथे आलो आणि मामीकडे चार वाट्या मागितल्या. "जेवायला बसतोस की भातुकलीला?" म्हणाली, पण दिल्या. वाट्या रांगेत मांडल्या. पहिलीत चिठ्ठी टाकली सोळाची. तिसरीत टाकली अडीचशेची, ती पुलाची बेरीज. मामीला सांगितलं, मी एकेक हुकूम वाचतो, तू चिठ्ठ्या हलव. दारावरच्या ओळीही वाचून दाखवल्या. तिसरी वाटी तिनं सरळ आपल्या मांडीशी ओढून घेतली.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. दुसरीत आठ, चौथीत दोन, मिळवा, निम्मं करा. मामी माझ्याहून भरभर करत होती. मध्येच मी वाचलं, "आता हे तिसऱ्यात ठेव."

"नाही ठेवणार."

"मामी, कागदावर आहे तसं."

"असू दे. ह्यांनी वर काय म्हटलंय? तिसऱ्याला हात लावत नाही. मग माझी वाटी का मागतोस?"

आणि वाटीवर हात ठेवून बसली. मामा, मी तो कागद तोवर कितीदा वाचला होता, पण मधली ती ओळ माझ्या नजरेखालून नुसती सरकत गेली होती. का, तर वर तू 'नाही' म्हटलं होतंस.

तू ती माळ शेवटच्या आजारपणात आखूड केलीस, होय ना? दोन हुकूम वाचवलेस आणि त्यासाठी तिसरी जागा घेतलीस. आत बदललंस, दारावर मात्र जुनंच राहिलं. मामी म्हणाली, "अंगात ताप होता. मी म्हटलं झोपा, तर म्हणे एवढं संपवतो." कशाला बसलास तापात? यंत्राला काय घाई होती?

खरं सांगू? मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी इतकं मोकळं वाटलं की मी वाट्यांपुढेच आडवा झालो. चूक तुझीच निघाली, पण एका ओळीची. वर्गमूळ चोख आहे. दारावरची पाटी तेवढी शिळी झाली होती.

सोमवारी साहेबांना कागद दाखवला. कसं सापडलं, विचारलं त्यांनी. म्हटलं, मामीनं वाटी दिली नाही. सगळं सांगावं लागलं. त्यांनी कागदावर आधी पाटी वाचली, मग मधली ओळ. मग म्हणाले, "ओळ दुरुस्त करा. त्यांच्या बाकीच्या माळांच्याही पाट्या तपासून घ्या. काढायचं काही कारण दिसत नाही."

मी लिहिलं: दुसरं, तिसरं आणि चौथं वापरतो. पुलावाल्यानं आपली बेरीज ह्या चार जागांतून काढून यंत्राच्या आतल्या कोठारात ठेवली, आणि काल उत्तर आलं, हातानं केलेल्या गणिताशी जुळणारं.

तपासायचं काम साहेबांनी माझ्याकडेच दिलंय. मी एका कामावर किती टिकतो ते तुला ठाऊक आहे, त्यामुळे जन्मभराची शपथ घेत नाही. पण मामा, कपाटातली तुझी शेवटची पट्टी होईपर्यंत हलत नाही, हे वचन. आत जे असेल तेच दारावर लिहीन. आणि मी कुठे एक हुकूम जरी बदलला, तरी आधी पाटी बदलीन, मग जेवीन.

मामी आतून विचारतेय, पुढचं कुठलं आणलंस आणि त्याला वाट्या किती लागतील.

तुझा,
सदा