भासऱ्यांचं नाव

तांडा, ता. महागाव
दि. ११ जानेवारी २०२४

चि. संगीताले जमनाकाकीचा मनापासून आशीर्वाद. जय सेवालाल.

तुझ्या याडीचे गुडघे कसे आहेत? थंडीत तिला एरंडाचं पान गरम करून बांधत जा. तुझ्या बापाचा, देवीलालभाऊंचा खोकला थांबला का? पोरीला, प्रेरणाला, तिकडं नेरच्या अंगणवाडीत घातलं का, की अजून रडते? तू कशी आहेस हे शेवटी विचारून राह्यली. तेच विचारायची हिंमत होत नव्हती.

इकडे सारं बरं आहे. तुझ्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता त्यांना अंगणातली शेळी ओळखू येते. तुझा नवरा बादल रोज जिनिंग फॅक्टरीत येतो, दुपारी एकटाच भाकर खातो. तुझं नाव काढत नाही. मी त्याला कोणत्या तोंडानं बोलू?

आम्ही बाया अजून तशाच खाली बसून कवडी कापूस निवडतो, किडका-पिवळा एकीकडे, पांढरा एकीकडे. वजनकाट्याजवळच्या तुझ्या जागेवर आता बबिता बसते. एकोणीस वर्षांची पोर. मुकादम मागून आले की ती टोपलं मांडीवर ओढून घेते. तूही तसंच करायची.

तू मुकादमांविरुद्ध अर्ज दिला तेव्हा साऱ्या जणी हो म्हणाल्या, अन् चौकशीच्या दिवशी अर्ध्या जणी लग्नाला निघून गेल्या. तू मले एवढंच म्हणाली होती, "काकी, तुम्ही डोळ्यानं पाह्यलं, तेवढंच सांगा." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

चौकशीच्या खोलीत काय झालं ते ऐक. यवतमाळहून आलेल्या मॅडम चांगल्या होत्या. मले खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं, संगीताचा हात धरला, वजनकाट्यामागं ओढलं, पोर ओरडली. मग त्या म्हणाल्या, "कोणी धरला? नाव सांगा." दार उघडं होतं. व्हरांड्यात मुकादम बसले होते. तुले ठाऊक आहे, ते माझे भासरे, तुझ्या काकांचे सख्खे मोठे भाऊ. चाळीस वर्षं त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही, त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. मी पदर पुढं ओढला अन् म्हटलं, "आमच्या घरचे मोठे."

"असं लिहिता येत नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. तीन वेळा विचारलं. शेवटी जिनिंगचा बाबू म्हणाला, "लिहा मॅडम, नाव सांगता येत नाही."

तांड्यात सारे म्हणतात, काकीची जीभ रीतीनं बांधली. तूही तेच समजली असशील, म्हणून भांडली नाही, नुसती पोरीला घेऊन माहेरी गेली. संगीता, जीभ बांधलेली होती, हात नव्हता. एसटीच्या पाट्या अन् रेशनच्या पावत्या वाचून वाचून मी अक्षरं शिकली. टेबलावर पेन होता. रीत तोंडाची असते, बोटांची नाही. मॅडमनी कागद पुढं केला, "साक्षीदार नाव सांगू शकली नाही." मी तो पूर्ण वाचला. बाकीच्या बायांनी आपापल्या कागदावर अंगठे दिले, मी माझ्या कागदावर सही केली.

काकांच्या ऑपरेशनची सोय भासऱ्यांनी केली होती. तारीख पुढच्या आठवड्यातली होती. आता समजलं असेल तुले.

मागल्या सोमवारी मी नाव लिहून बाबूकडं घेऊन गेलती. त्यानं वाचलं अन् कागद माझ्याच हातात परत दिला. म्हणाला, "काकी, फाईल बंद झाली. आता हे आणून काय करता?" तो कागद या पाकिटात ठेवला आहे. रूपसिंग हरिसिंग राठोड. जन्मात पहिल्यांदा लिहिलं. उपयोग नाही, ते मले कळते.

परवा बबितानं हळूच विचारलं, "काकी, मी बोलू का?" तुझी सारी गत माझ्या डोळ्यापुढं आली. मी म्हटलं, "टोपलं घट्ट धर."

उत्तर लवकर दे. शिव्या असल्या तरी चालतील, पण दे. टपालवाला तांड्यावर मंगळवारी येतो, मी वाट पाहीन.

तुझी म्हणवून घ्यायला लाजणारी
जमनाबाई

(सही ओळखशील. चौकशीच्या त्या कागदावरही हीच आहे.)